लिपी-शैवाक, आणि ‘लिरेला’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : झाडाच्या सालीवरच्या ‘ग्राफिस स्क्रिप्टा’ या शैवाकाला (लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून झालेला जीव) दगडफूल म्हटलं तर चालेल का? आणि त्यावरच्या अक्षरांसारख्या काळ्या खुणांना, ‘लिरेला’ला, नुसतं ‘रेघ’ म्हणावं का?

उत्तर : दगडफूल नको. त्या शब्दाने पानासारखं, कडा सुटलेलं शैवाक डोळ्यांपुढे येतं. हे तर गुळगुळीत सालीवर रंगाच्या हातासारखं बसलेलं असतं. नखाने सोलून निघत नाही, सालीचा पापुद्राच कापून घ्यावा लागतो. लिपी-शैवाक चांगलं. ग्रीक ‘ग्राफेइन’ म्हणजे लिहिणं, लॅटिन ‘स्क्रिप्टा’ म्हणजे लिहिलेली, म्हणजे नावात एकच गोष्ट दोनदा! लिनियसने १७५३ मध्ये ‘लायकेन स्क्रिप्टस’ लिहिलं होतं.

‘रेघ’ मात्र पटत नाही. रेघ सपाट असते. लिरेला हे बीजाणू तयार करणारं लांबट फलकाय आहे. १० पट भिंगातून पाहा: कोळशासारखे दोन काळे ओठ वर आलेले, मधे बारीक फट. लॅटिन ‘लीरा’ म्हणजे शेतातला वरंबा. ‘डिलिरियम’ (भ्रम) हा शब्दही त्यातलाच, तास सोडून भरकटलेला नांगर. म्हणून ‘वरंबी’ सुचवतो.

दुसरं मत : वरंबी गोड आहे, पण फट हरवते, आणि ओळख पटवताना फटच लागते. ‘आर्थोनिया’ या दुसऱ्या शैवाकाच्या फलकायांना असे ओठ नसतात. सालीच्या भेगेलाही नसतात. मी लेखात ‘लिरेला’च ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे वरंबी म्हणून समजावीन.

पुरवणी : खरवडल्यावर नारिंगी झाक दिसली म्हणून ‘ग्राफिस’ ठरवू नका. ती आतल्या ट्रेंटेपोलिया शैवालाची. ‘ओपेग्राफा’ या तशाच दिसणाऱ्या शैवाकातही हेच शैवाल असतं. निकाल बीजाणूंवर लागतो. ओल्या लिरेलाचा आडवा, पातळ छेद घ्या. ग्राफिसचे बीजाणू रंगहीन, आडव्या पडद्यांचे, कप्पे भिंगाच्या आकाराचे आणि आयोडीनने निळे-जांभळे होतात. ओपेग्राफाचे निळे होत नाहीत. ‘फिओग्राफिस’ या तिसऱ्या शैवाकाचे तपकिरी असतात. इथेच फसगत होते, कारण ग्राफिसचे जून, मेलेले बीजाणूही तपकिरी पडतात. छेदात फुटून बाहेर आलेले सोडा, बीजाणू ज्यात तयार होतात त्या पिशवीच्या आत असलेले पक्व बीजाणू पाहा.

आणि ‘स्क्रिप्टा’ लिहिताना जरा हात राखून. २०११ मध्ये युरोपातल्या या एका नावाखाली, खुद्द स्क्रिप्टा धरून, चार जाती वेगळ्या ओळखल्या गेल्या. ओठांची ठेवण आणि फटीतली पांढरी भुकटी टिपलेली नसेल, तर ‘स्क्रिप्टा-गट’ एवढंच लिहावं.