शब्दचर्चा: ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणजे विरोधाभास नव्हे

प्रश्न: हवाई छायाचित्रणावरचा एक लेख मराठीत आणतेय. टार्गेटच्या कॉन्ट्रास्टप्रमाणे लेन्सच्या शार्पनेसचा निकाल बदलतो, असा मुद्दा आहे. मी लिहिलं, ‘लक्ष्याच्या विरोधाभासाचा भिंगाच्या तीक्ष्णतेवर परिणाम’. वाचून माझं मलाच कळेना!

उत्तर: तिन्ही शब्द बदला. विमानाच्या संदर्भात ‘लक्ष्य’ म्हटलं की वाचकाला बॉम्बच आठवणार. इथे टार्गेट म्हणजे तपासणीसाठी समोर लावलेला रेघांचा तक्ता. अमेरिकन हवाई दलाचा १९५१ चा तक्ता प्रसिद्ध आहे. त्यात तीन-तीन पट्ट्यांचे संच क्रमाने बारीक होत जातात. ज्या संचापर्यंत पट्ट्या सुट्या दिसतात, ती भिंगाची मर्यादा. म्हणून सरळ ‘रेघतक्ता’ म्हणा.

विरोधाभास हा अलंकार. तो कवितेत शोभतो. कॉन्ट्रास्टला आपल्याकडे ‘उठाव’ हा घरचा शब्द आहे. काळ्या पाटीवर खडूची रेघ उठून दिसते. साडीच्या काठाला उठाव नाही, असं आपण म्हणतोच. तीक्ष्णता सुरीला, बुद्धीला राहू द्या. चित्राला ‘रेखीवपणा’, आणि किती बारीक रेघा सुट्या दिसतात हे आकड्यात मोजतात, ती ‘विभेदनक्षमता’.

तांदूळ निवडताना काळा खडा चटकन सापडतो, पांढरा मात्र दाताखाली येतो. डोळे तेच, ताट तेच. कोडॅकच्या टी-मॅक्स १०० फिल्मच्या माहितीपत्रकात याच कारणाने दोन आकडे छापत: १०००:१ उठावाच्या तक्त्यावर (म्हणजे उजळ भाग गडद भागाच्या हजारपट उजळ) मिलिमीटरला २०० रेघा, १.६:१ वर फक्त ६३. लेन्सचंही तसंच. तपशील जितका बारीक, तितका भिंगातून जाताना त्याचा उठाव उतरतो. मुळातच तो थोडा असला, तर फिल्मवर उमटण्याइतका उरतच नाही.

प्रश्न: म्हणजे तक्त्यामुळे भिंगच बिघडतं?

उत्तर: नाही, आणि म्हणूनच तुमच्या वाक्यातला ‘परिणाम’ही फसवा आहे. भिंग आहे तसंच राहतं, मोजमाप बदलतं. असं लिहा: ‘रेघतक्त्याचा उठाव कमी केला, की त्याच भिंगाची मोजलेली विभेदनक्षमता घटते.’ दोन भिंगांची तुलना करताना हे फार जपायला हवं. काळ्या-पांढऱ्या तक्त्यावर पहिलं आलेलं भिंग फिक्या तक्त्यावर मागे पडू शकतं. माझ्या मते तक्त्याचा उठाव न सांगता दिलेला आकडा अर्धवट आहे.

प्रश्न: पण १.६:१ इतका फिका तक्ता कशाला?

उत्तर: कारण वरून जमीन तशीच फिकी दिसते. समजा, शेताचा उजेड १० आणि ओल्या मातीचा ५, म्हणजे दुप्पट फरक. मधल्या हवेत विखुरलेला प्रकाश दोन्हींवर सारखाच चढतो. तो ५ धरला, तर १५ आणि १० होतात; फरक दीडपटच. हा प्रकाश निळसर जास्त, म्हणून हवाई कॅमेऱ्यांना निळा प्रकाश अडवणारा पिवळा फिल्टर लावत. आणि हो, या विखुरलेल्या प्रकाशाने येणाऱ्या ‘हेझ’ला धुकं म्हणू नका, ‘धुरकटपणा’ म्हणा.