अनुभव धागा: साखरेचा रिपोर्ट वाचताना

मधुमेहाच्या पथ्यावर सल्ला द्यायला सगळेच पुढे असतात. लॅबचं पाकीट हातात पडल्यावर मात्र माणूस ठळक छापलेला आकडा बघतो आणि एक तर घाबरतो, नाहीतर निर्धास्त होतो. दोन्ही घाईचंच. तो आकडा कोणत्या वेळचा, काय खाल्ल्यावरचा, शिरेतल्या रक्ताचा की बोटाच्या, हे कळेपर्यंत त्याला अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला तो अर्थ कसा लागला ते सविस्तर लिहा. गोळ्यांचे डोस मात्र कुणी कुणाला सुचवू नयेत.

आधाराला निदानाचे आकडे देते. रक्तातली साखर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १२६ पासून पुढे मधुमेह, मधले काठावरचे. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, टक्क्यांत ५.७ च्या आत ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह. लक्षणं नसतील तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करतात. उपचार चालू असलेल्यांचं लक्ष्य निराळं: बऱ्याच जणांना एचबीएवनसी ७ च्या आत, थकलेल्या वयस्करांना त्याहून सैल.

निवृत्त शिक्षिका, सांगली

माझी उपाशीपोटीची साखर कायम ११५-१२० च्या घरात. घरचे म्हणायचे, छान आहे की! मग एचबीएवनसी आली ८. आठ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साधारण १८३. सकाळी १२० असताना सरासरी १८३ कशी? डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस नाश्त्यानंतर दोन तासांनी बोट टोचून बघा, आणि ते दोन तास पहिल्या घासापासून मोजा, हात धुतल्यापासून नव्हे. पोहे आणि साखरेच्या चहावर २४० निघाली. मुगाचं धिरडं आणि बिनसाखरेचा चहा घेतला त्या दिवशी १६५. साखर चढत होती ती खाल्ल्यानंतर, आणि आम्ही बघत होतो फक्त सकाळची. आता वहीत आकड्याशेजारी वेळ आणि ताटात काय होतं ते लिहिते. डॉक्टर आधी तीच वही मागतात.

आईचं बघणारा मुलगा, नाशिक

ताईंच्या बरोबर उलट आमच्या आईचं. घरच्या मीटरवर दोन्ही वेळचे आकडे बरे, एचबीएवनसी मात्र ७.६. गोळी वाढवण्याचं चाललं होतं. फॅमिली डॉक्टरांनी त्याआधी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून घेतली. हिमोग्लोबिन ८.२, लोह कमी. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली त्याचं माप. पेशी जगते साधारण १२० दिवस. लोह कमी असलं की हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, असं त्यांनी समजावलं. लोहाचा कोर्स पुरा झाल्यावर, साखरेची गोळी तेवढीच ठेवून, ६.७ आली.

परिचारिका, गडचिरोली

हे दुसऱ्या बाजूनेही होतं. आमच्या भागात सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार, बरंच आहे. त्या रुग्णांच्या लाल पेशी लवकर तुटतात, साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही, आणि एचबीएवनसी फसवी कमी येऊ शकते. नुकतंच रक्त चढवलेल्यांचंही या तपासणीवर भागत नाही. आम्ही मग उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेवर भिस्त ठेवतो. घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आणि लॅबला आधीच सांगा. कृपा करून सांगाच.

आंबा बागायतदार, रत्नागिरी

मे महिन्यात वडिलांची साखर २८६ दिसली. सगळे हबकले. ते नुकतेच हापूसच्या फोडी करून उठले होते, हात नुसते फडक्याला पुसलेले. वहिनीने साबणाने हात धुवायला लावले, नीट कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं: १४८. बोटावरचा रस थेंबात मिसळला होता. पावसाळ्यात आमच्याकडे आणखी एक काळजी घ्यावी लागते. दमट हवेने स्ट्रिपा खराब होतात, म्हणून डबीचं झाकण एक स्ट्रिप काढली की लगेच घट्ट लावायचं.

लॅब टेक्निशियन, ठाणे

दोन मीटरांत १३८ आणि १५० आलं म्हणून लोक भांडायला येतात. १०० च्या वर मीटरला १५ टक्के इकडेतिकडे चालतं, तेव्हा हे दोन्ही आकडे एकच समजा. लॅबसाठी रक्त घेताना करड्या बुचाची नळी वापरली का ते बघा. तिच्यात साखर टिकवणारं फ्लोराइड असतं. साध्या नळीत रक्त तसंच राहिलं तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात, आणि आकडा तासागणिक उतरतो.

आजोबा, सोलापूर

माझ्या वडिलांच्या वेळी घरी मीटर नव्हता. निळ्या बेनेडिक्ट द्रावणात लघवीचे थेंब टाकून परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी. विटकरी झालं की आई गप्प व्हायची. पण रक्तातली साखर १८० च्या आसपास गेल्याशिवाय ती सहसा लघवीत उतरतच नाही. म्हणजे निळा रंग बघून आम्ही खूश व्हायचो तेव्हाही ती १७० असू शकत होती. आज घरबसल्या खरा आकडा मिळतो, याची मला फार अपूर्वाई वाटते.

टाइप १ असलेल्या मुलीची आई, पुणे

लेकीची सकाळची साखर सारखी २०० च्या वर. रात्रीचं इन्शुलिन परस्पर वाढवू नका, आधी पहाटे तीनला तपासा, असं डॉक्टर म्हणाले. तीनला कमी असेल तर रात्रीचं इन्शुलिन जास्त होतंय. तीनला ठीक आणि त्यानंतर चढत असेल तर ती पहाटेच्या हार्मोन्सची वाढ. तिची ही पहाटेच्या हार्मोन्सचीच निघाली. सकाळचा आकडा तोच, पण उपाय अगदी वेगळा.

७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यातून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. आता दंडावर सेन्सर आहे. तो कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. साखर भराभर उतरत असताना मी बोटच टोचते. साखर चढतेय की उतरतेय हे दाखवणाऱ्या सेन्सरच्या बाणाकडे मात्र नीट बघते: ९० आणि बाण सरळ खाली, तर खेळायला सोडत नाही; ९० आणि बाण आडवा, तर बिनधास्त जाऊ दे.

लंडनहून

आईबाबा इकडे आले की गोंधळ होतो म्हणून लिहितो. इथे साखर वेगळ्या एककात (मिलिमोल प्रति लिटर) मोजतात. मीटरवर ७.८ दिसलं तर १८ ने गुणा, म्हणजे आपल्याकडची १४०. रिपोर्टात एचबीएवनसीही टक्क्यांऐवजी वेगळ्या एककात ५३ छापून आली तर दचकू नका, ती आपल्याकडची ७.