अझ्टेकियमच्या अंगावरील सुरकुत्या म्हणजे तहान समजावी का?

प्रश्न (इंदिरानगर)
नमस्कार. तीन वर्षांपूर्वी एका स्नेह्यांकडून मी अझ्टेकियम रिटेरी या लहान निवडुंगाचे, स्वतःच्या मुळांवर वाढलेले रोप घेतले. तेव्हा ते रुपयाच्या नाण्याहून लहान होते आणि आजही नाण्यावर ठेवल्यास नाण्याची कड दिसतेच. अंगावरील आडव्या सुरकुत्या पाहून ते तहानले असावे असे मला वाटले, म्हणून महिनाभर दर आठवड्याला पाणी दिले. श्रावणातील झडीमुळे बागेची माती आणि शेणखत भरलेली कुंडी सुकतच नाही, आणि आता बुंध्याशी तपकिरी डाग दिसतो. काय करावे?

उत्तर (नाशिक रोड)
पाणी आजच थांबवावे. त्या सुरकुत्या जन्मजात असून, मेक्सिकोतील जुन्या आझ्टेक लोकांच्या शिल्पांची आठवण करून देणाऱ्या त्या नक्षीवरूनच १९२९ मध्ये अझ्टेकियम या प्रजातीला नाव मिळाले. मेक्सिकोतील नुएवो लेओन राज्यात ती जिप्समच्या जवळजवळ उभ्या कड्यांवर वाढते, जिथे पाणी साचायला जागाच नसते. आपली शेणखताची कुंडी म्हणजे तिच्या दृष्टीने दलदल. खरी तहान लागली की सगळे अंग बसते आणि मऊ लागते. रोप उपटून, मुळांवरील माती मऊ ब्रशने झटकून, डागावर आगकाडीचे टोक हलकेच दाबून पाहावे. टणक लागल्यास ती वयाने धरलेली साल आहे. काडीचे टोक आत गेले आणि ओले झाले तर मात्र कुज समजावी. पुढे चाळून धूळ काढलेली खडीची बारीक कच चार भाग आणि पानांचे खत एक भाग, एवढेच मिश्रण लहान कुंडीत भरावे.

उत्तर (पिंपळगाव बसवंत)
आमच्याकडे द्राक्षाचे कलम डॉगरिज या जातीच्या मुळाकडच्या खुंटावर होते, तसेच हे ड्रॅगन फ्रूटच्या फांदीवर करता येते. बुंधा कुजला असेल तर स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने पांढरा, निरोगी गर लागेपर्यंत काप घ्यावेत आणि मधल्या रसवाहिन्यांची वर्तुळे निदान एका ठिकाणी जुळवून रबरबँडने बांधावे. कलमावर रोप झपाट्याने फुगते, पण ती घट्ट, कोरीव नक्षी सैल पडते, हे मला तरी आवडत नाही. बागेत टाकायचे जिप्सम मी एका कुंडीत मिसळून पाहिले. काही फरक दिसला नाही.

प्रश्नकर्ता
डाग टणक निघाला. मात्र एक मूळ काळे पडून दोऱ्यासारखे सुटले, ते कापले. आता पाणी केव्हा द्यावे?

उत्तर (नाशिक रोड)
कापलेली जागा सुकेपर्यंत, म्हणजे निदान आठ-दहा दिवस, रोप कुंडीबाहेर सावलीत कागदावर ठेवावे. लावल्यानंतरही आठवडाभर कोरडेच राहू द्यावे आणि पहिले पाणी उघडीप पाहून, सकाळी, कुंडी बशीत ठेवून खालून द्यावे.