सोसायटीच्या कार्यालयातील नॅसवरचे फोल्डर उघडत नसल्याबाबत

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. कार्यालयाच्या जुन्या संगणकावरील विंडोज १० ला मिळणारे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्यामुळे आपण विंडोज ११ प्रो असलेला नवीन संगणक घेतला. मात्र नॅसवरील (नेटवर्कला जोडलेल्या, फाइली साठवणाऱ्या सामाईक यंत्रावरील) सभावृत्ते, देखभाल बिले आणि नमुना ‘आय’ व ‘जे’ (सभासदांची नोंदवही व यादी) यांचे फोल्डर नवीन संगणकावर उघडत नाहीत. संस्थेच्या सुरक्षा धोरणांमुळे पाहुण्यांचा प्रवेश अडवला आहे, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसतो. समितीने असा कोणताही ठराव केलेला नाही, हे कृपया नोंदवून घ्यावे. लेखापरीक्षकांना याच आठवड्यात कागदपत्रे द्यायची आहेत.

क-१०४: रविवारी राउटर बदलला आहे. दोष तिथेच असणार.

ब-३०२: मलाही आधी तसेच वाटले होते, परंतु जुना संगणक आणि माझा फोन दोन्ही त्याच वायफायवर असताना त्यांत फोल्डर उघडतात, त्यामुळे राउटर आणि नॅसमधील डिस्क या दोहोंवरचा संशय दूर होतो. सचिवसाहेब, संदेशातील ‘संस्था’ म्हणजे आपली सोसायटी नव्हे. आपला नॅस बसवताना सोयीसाठी पासवर्डाशिवाय, म्हणजे ‘गेस्ट’ म्हणून प्रवेश ठेवला होता. विंडोज ११ प्रोने २४एच२ या आवृत्तीपासून असा प्रवेश मुळातच बंद केला असून, समोरच्या यंत्राने प्रत्येक संदेशावर डिजिटल स्वाक्षरी करावी अशी अटही घातली आहे. पाहुण्याला पासवर्डच नसल्याने त्याच्यासाठी स्वाक्षरीची किल्ली तयार होऊ शकत नाही.

अ-२०१: मी एका व्हिडिओत पाहिले की, एक-दोन सेटिंग बदलली की दोन मिनिटांत जुन्यासारखे चालू होते. मग एवढा खटाटोप कशासाठी?

ब-३०२: चालू होईल, हे खरे आहे. पण त्याच फोल्डरांत भाडेकरूंचे करारनामे आणि आधारच्या प्रती आहेत, आणि कार्यालयाच्या वायफायचा पासवर्ड लिफ्टच्या तंत्रज्ञापासून मांडववाल्यापर्यंत सर्वांना सांगितलेला आहे. तेव्हा नॅसवर सचिव आणि खजिनदार यांची स्वतंत्र खाती उघडावीत, फोल्डरनिहाय परवानग्या द्याव्यात आणि गेस्ट बंद करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खजिनदार: सांगितल्याप्रमाणे खाते उघडले. तरीही पासवर्ड स्वीकारला जात नाही, आणि आता तर नॅसचे सेटिंगचे पानही या संगणकावर उघडत नाही. मी चार अंकी पिन पाच-सहा वेळा अगदी काळजीपूर्वक टाकला.

ब-३०२: पिन त्या संगणकापुरताच असतो, नॅसला तो ठाऊक नसतो, तिथे नॅसवर नुकत्याच उघडलेल्या खात्याचे नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. वारंवार चुकीचा प्रयत्न झाल्याने नॅसने तुमच्या संगणकाचा नेटवर्कवरील पत्ता अडवलेल्यांच्या यादीत टाकला असावा. मी फोनवरून आत जाऊन पाहतो.

ब-३०२: पत्ता यादीत होताच, तो काढला आहे. आता कंट्रोल पॅनेलमधील क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोज नावे व पासवर्ड साठवते तिथे, नॅसच्या नावाची जुनी नोंद दिसेल, ती पुसावी, कारण विंडोज प्रत्येक वेळी तीच आपणहून पुढे करते. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करून नवीन नावाने आत जावे. एकाच नॅसला एकाच वेळी दोन नावांनी जोडण्यास विंडोज नकार देते, म्हणून पुन्हा सुरू करणे टाळू नये.

खजिनदार: उघडले. २०१९ पासूनची सर्व बिले जागच्या जागी आहेत. आभारी आहे. मात्र स्कॅनरमधून कागद फोल्डरमध्ये जात नाही.

ब-३०२: तो स्कॅनर फार जुना असून त्याला एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर उघडण्याच्या पद्धतीची, केवळ पहिली आवृत्ती समजते, आणि ती नॅसवर बंद आहे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने याच आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेतला होता, त्यामुळे एका स्कॅनरसाठी ती पुन्हा सुरू करू नये. तूर्त पेनड्राइव्हवर स्कॅन करावे.

सचिव: पेनड्राइव्ह कपाटाच्या वरच्या खणात आहे. स्कॅनरचा विषय समितीच्या पुढील सभेत घेऊ.