कळंबा तलावाकाठी मोकळी सोडलेली कुत्री: फलकावर काय लिहावं, लोकांना कसं सांगावं?

गवतवाट: तलावाकडेच्या गवतात मार्चपासून टिटव्या अंडी घालतात. सकाळी फिरायला येणारे तिथंच कुत्री सोडतात. फलक लावायचाय, समजावून सांगायलाही दोघं-तिघं तयार आहेत. 'कुत्र्यांना सक्त मनाई' लिहिलं तर लोक ऐकतील का?

चंडोल: नाही ऐकणार. वर्षभर आणि सगळ्या काठाला मनाई केली की लोकांना ती खोटी वाटते. हद्द, महिने आणि कारण लिहा: 'इथून त्या बाभळीपर्यंत गवतात अंडी आहेत. मार्च ते ऑगस्ट कुत्रं पट्ट्यावर, चालणं पायवाटेवरून.' सप्टेंबरात फलक काढायचाच, नाहीतर पुढच्या मार्चला त्याच्याकडं कुणी बघत नाही. जागा गेटपाशी नको, जिथं माणूस वाकून पट्टा सोडतो तिथं हवी. आणि कुठं सोडलं तर चालेल तेही खाली लिहा. हे बहुतेक फलकांवर नसतं, आणि वाद तिथंच सुरू होतो. 'इथं सगळेच घाण करतात' असलं काही लिहू नका, वाचणाऱ्याला सूट मिळाल्यासारखं होतं. तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी आधी घ्या.

रातवा: कारण सांगताना 'पक्ष्यांना त्रास होतो' एवढ्यावर थांबू नका. टिटवीचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचा खळगा, त्यात बहुधा चार अंडी, साधारण चार आठवडे उबवणं. एप्रिलच्या उन्हात ती अंड्यांवर सावली धरते, पोटाची पिसं भिजवून आणून त्यांना गारवा देते. कुत्र्यामुळं ती उठली की अंडी तापतात, नाहीतर कावळा साधतो. पिल्लं धोका दिसला की पळत नाहीत, जमिनीला चिकटून बसतात. माणसाला दिसत नाहीत, कुत्र्याच्या नाकाला सापडतात.

बोलताना थोडंच मागा: 'दादा, पुढं गवतात अंडी हायत, त्या बाभळीपर्यंत जरा धरून न्या की.' पट्टा दीड-दोन मीटरचा पुरे. गुंडाळी होणारा लांब पट्टा नको, कुत्रं गवतात शिरल्यावरच मालकाच्या ध्यानात येतं.

पशुवैद्यक_करवीर: विष्ठेचं आणि औषधाचंही सांगा. कुत्र्याच्या आतड्यातल्या गोलजंतांची अंडी ताज्या विष्ठेत लगेच संसर्गक्षम नसतात, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून त्याच दिवशी उचललं तर काम होतं. राहिलं तर ती मातीत महिनोन् महिने टिकतात. पिशवी बांधून झुडपाला अडकवणं म्हणजे न उचलण्याहून वाईट. झाकणाचा डबा गाड्या लावतात तिथं ठेवा, पण तो रिकामा कोण करणार हे ठरल्याशिवाय ठेवूच नका.

गोचिडांसाठी मानेवर फिप्रोनिलचे थेंब टाकले असतील तर त्या महिन्यात कुत्र्याला तलावात पोहू देऊ नका. ते पाण्यातल्या किड्यांना फार विषारी असतं, आणि पाखरं त्याच किड्यांवर जगतात.

गवतवाट: भटक्या कुत्र्यांचं काय? बिस्किटं टाकणारे आहेतच. आणि दाजीपूरला कुत्रं नेता येतं का, असंही एकजण विचारत होता.

चंडोल: बिस्किटवाल्यांशी भांडू नका. खाणं घालायची जागा रस्त्याकडं, गवतापासून लांब ठरवून द्या. कुत्री खाण्यामागं जातात. दाजीपूर राधानगरी अभयारण्यात येतं, तिथं पाळीव कुत्रं नेऊच नये. गव्यावर भुंकलेलं कुत्रं शेवटी मालकाकडंच पळत येतं, गवा त्याच्या मागं.