मदत हवी आहे : एमडीटी (कुष्ठरोगाचा बहुऔषधी उपचार) चालू असताना जुने चट्टे लाल होऊन सुजले, करंगळी कमजोर

शिवारवाट
उपकेंद्रावर कुष्ठरोगाचं काम बघते. रुग्ण पुरुष, वय तिशीतलं, ऊसतोड कामगार. चट्टे पाचपेक्षा जास्त, म्हणून एमबी, म्हणजे बहुजंतू प्रकार. चौथं पाकीट सुरू आहे, डोस चुकलेला नाही. गेल्या आठवड्यात चेहऱ्यावरचे आणि दंडावरचे जुनेच चट्टे लालभडक होऊन फुगले, हाताला गरम लागतात. ताप नाही, नवीन गाठी नाहीत. हातापायांवर थोडी सूज. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूची नस नुसती चाचपली तरी कळवळतो. करंगळी बाहेर काढतो, पण दाबलं की टिकत नाही. नोंदणीच्या वेळी ती मजबूत होती.

घरचे म्हणतात गोळ्या बाधल्या, बंद करा. जंतू मरत असताना त्रास वाढतो कसा, हे त्यांना कसं सांगू? वैद्यकीय अधिकारी पुढच्या आठवड्यात येणार आहेत. तोवर थांबलं तर चालेल?

त्वचाविद
ताई, थांबू नका, आजच पाठवा. ही टाइप 1 रिअ‍ॅक्शन आहे आणि अल्नर नस (कोपराच्या आतल्या बाजूची) त्यात सापडली आहे. चट्टा उशिरानेही ओसरेल, नसेचं तसं नाही.

घरच्यांना सांगा की औषधाने जंतू मारले, पण मेलेल्या जंतूंचे अंश त्वचेत आणि नसेत बरेच महिने पडून राहतात. बॉर्डरलाइन, म्हणजे कुष्ठाच्या दोन टोकांच्या मधल्या प्रकारातल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती डळमळीत असते; ती अचानक जोर धरते आणि त्या अंशांवर तुटून पडते. टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) इंटरफेरॉन गॅमा आणि टीएनएफ ही दाह वाढवणारी द्रव्यं सोडतात, सूज येते. कुष्ठाचा जंतू नसेतल्या तंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशींत राहतो, म्हणून हल्ला तिथेही होतो. नसेभोवतीचं आवरण ताणत नाही. आत सूज वाढली की नस आवळली जाते आणि तिचा रक्तपुरवठा घटतो. म्हणजे नुकसान शरीराच्याच हल्ल्याने होतंय. एमडीटी बंद करून तो थांबत नाही, उलट उरलेले जिवंत जंतू वाढायला मोकळे होतात.

गोळ्या बाधल्या असत्या तर चित्र वेगळं असतं. एमडीटीतल्या डॅप्सोन या औषधाची अ‍ॅलर्जी बहुधा पहिल्या दीड-दोन महिन्यांत येते: ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं, कावीळ. तसं दिसलं तर मात्र डॅप्सोन ताबडतोब थांबवून डॉक्टरांकडे.

रिअॅक्शनवर नेहमीचा उपचार प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, सकाळी जेवणानंतर एकदाच: 40 मिग्रॅ, मग 30, 20, 15, 10, 5, प्रत्येकी दोन आठवडे. डोस डॉक्टरच ठरवतील. त्याआधी साखर, रक्तदाब आणि टीबीची लक्षणं बघायची, जंतांचं औषध द्यायचं. नुसत्या वेदनाशामकावर नसेचा दाह भागत नाही.

हातपाय_फिजिओ
दुखतेय तोवर नसेला मालीश, शेक, व्यायाम काहीही नको. कोपर थोडं वाकवून, मऊ कापड गुंडाळून झोळीत ठेवा. कोयता चालवणं बंद, कारण कोपर सतत वाकलं की नस ताणली जाते. दुखणं उतरल्यावर बोटांचे व्यायाम सुरू करा.

दर दोन आठवड्यांनी स्नायू आणि संवेदना दोन्ही तपासून कार्डावर लिहा. अल्नरसाठी करंगळी, मीडियनसाठी (हाताची दुसरी नस) अंगठा, पायासाठी पाऊल वर उचलणं, चेहऱ्यासाठी डोळे घट्ट मिटणं. तळहाताला बॉलपेनचं टोक फक्त टेकवायचं, रुग्णाचे डोळे बंद हवेत.

शिवारवाट
आजच पाठवते. दोन आठवड्यांत चट्टे बसले तर तो स्टिरॉइडच्या गोळ्या सोडेल, अशी धास्ती आहे. शिवाय महिन्याभरात टोळी निघेल.

त्वचाविद
तिथेच घात होतो. गोळ्या एकदम सोडल्या तर दाह उसळतो, शिवाय शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड दबलेलं असतं, त्यामुळे गळाठा येतो, रक्तदाब पडतो. डोस उतरवताना चट्टा बघू नका, करंगळी बघा. ताकद पुन्हा घटली तर डॉक्टर आधीच्या डोसवर परत नेतील. नसेचा दाह असल्याने ते एकूण 20 आठवड्यांपर्यंतही लांबवतील. त्याऐवजी एकूण 32 आठवडे देऊन जास्त फायदा झाला नाही, असं तुलनात्मक चाचणीत दिसलं आहे. कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर भरून येण्याची शक्यता चांगली असते. तुम्ही वेळेत पकडलं आहे.

वाचक_नर्स
ताप आणि नव्या दुखऱ्या गाठी असत्या तर?

त्वचाविद
मग टाइप 2 रिअॅक्शन, म्हणजे ईएनएल (एरिथिमा नोडोसम लेप्रोसम). तो जंतूंचा भार जास्त असलेल्यांत होतो. जंतूंचे अंश आणि अँटिबॉडी यांचे गठ्ठे ऊतींत अडकतात, डोळा, सांधे, वृषण, मूत्रपिंडही दुखावतात. तो वरचेवर उलटतो, म्हणून स्टिरॉइडसोबत क्लोफाझिमिन 100 मिग्रॅ दिवसातून तीनदा देतात. पण त्याचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. थॅलिडोमाइड झपाट्याने काम करतं, जेरुसलेममध्ये डॉक्टर शेस्किन यांनी 1960च्या दशकात ते दाखवलं. गर्भाला मात्र ते भयंकर घातक, म्हणून तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय नाही.

हातपाय_फिजिओ
टोळीचं आजच ठरवा. पहिला महिनाभर त्याला इथेच थांबवता आलं तर उत्तम. जाणारच असेल तर एमडीटीची जादा पाकिटं द्या, कार्डावर स्टिरॉइडचा सध्याचा डोस आणि पुढच्या उतरणीच्या तारखा लिहा, कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला फोन करून ठेवा. बायकोलाही सांगा: डोळा पूर्ण मिटेना, पाऊल घासायला लागलं, करंगळी-अनामिका बधिर झाली किंवा डोळा लाल होऊन दुखला, तर त्याच दिवशी केंद्रात जायचं.