मदत हवी आहे: विंडो लांबवली की कोडा क्यू वाढतोय

कोयना-वारणा भागातल्या छोट्या भूकंपांच्या रेकॉर्डवरून लाटांची ऊर्जा किती झपाट्याने विरते ते काढतोय, म्हणजे क्यू (जितका कमी तितकी घट जास्त). आकी-शुएची सिंगल बॅकस्कॅटरिंग पद्धत (लाट वाटेत एकदाच विखुरून परत येते असं धरणारी), कोडा (मुख्य लाटांनंतर रेकॉर्डवर दिसणारी विखुरलेल्या लाटांची शेपटी) एस (दुय्यम) लाटेच्या प्रवासवेळेच्या दुपटीपासून धरलाय, नुसत्या पसरण्याने होणारी घट आधीच वेगळी काढलीय आणि नॉइजवाले रेकॉर्ड सरळ बाद. तरी कोडाच्या ३० सेकंदांच्या विंडोला (मोजायला घेतलेल्या तुकड्याला) क्यू कमी येतो, ६० ला बराच जास्त, फिल्टर बदलून पण तेच. स्टेशन एकच आहे, अंतरं १०० किमीच्या आत, त्यामुळे दोन स्टेशनची तुलना करा असं प्लीज सांगू नका. लांब विंडोत खोलवरच्या कमी भेगाळ खडकातल्या लाटा येतात हे पुस्तकी उत्तर माहितीये, पण लाट एकदाच विखुरते हे गृहीतकच तिथे मोडत असेल तर? एकाच स्टेशनच्या डेटावरून या दोन्हीतलं नेमकं काय होतंय ते कसं ओळखायचं?